नारळीकर सरांना बिग बँग पटला नव्हता, मग आता तो किती पक्का धरायचा?

अवकाळी_पाऊस

मंडळी, २० मे २०२५ ला नारळीकर सर गेले तेव्हा सगळीकडे श्रद्धांजल्या आल्या, आयुका (पुण्याची खगोलशास्त्राची संस्था), विज्ञानकथा, साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद वगैरे सगळं लिहून झालं, पण एक गोष्ट बहुतेकांनी अर्ध्या वाक्यात उरकली ती म्हणजे सरांना बिग बँग मान्यच नव्हता. भाचा अकरावीला आहे, त्याने सरळ विचारलं की मामा पुस्तकात तर बिग बँग झाला म्हणून दिलंय आणि ज्यांचं नाव घेऊन आपण कॉलर ताठ करतो ते म्हणायचे असं काही झालंच नाही, मग दोघांतलं एक चूक असणार ना?

मी आपला कॉमर्सवाला, थातुरमातुर उत्तर देऊन सुटलो. पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतोय. सरांचा आक्षेप नक्की काय होता, बाकीच्या जगाला बिग बँग कशामुळे पटला, आणि विश्वातलं ९५ टक्के काय आहे हे माहीतच नाही म्हणतात मग बाकीच्या कथेवर विश्वास कसा ठेवायचा?

'वेदांत सगळं आहे'वाले आणि 'सगळं थोतांड'वाले, दोघांनीही जरा दमानं घ्या ही विनंती.

कोल्हापुरी_मिसळ

बुड टेकवलंय. सर मूळचे आमच्या कोल्हापूरचे, १९ जुलै १९३८ चा जन्म, एवढं नोंदवून ठेवतो. पुढचं जाणकार सांगतीलच.

जुनाट_रेडिओ

चांगला विषय काढलात. जरा लांबण लागेल पण मागून सुरुवात केल्याशिवाय सरांची बाजू कळणार नाही.

१९२७ मध्ये बेल्जियमच्या लमेत्र नावाच्या पाद्र्याने, जो गणितीसुद्धा होता, आइनस्टाइनच्या समीकरणांतून विश्व प्रसरण पावतंय असं दाखवलं आणि १९२९ मध्ये हबलने निरीक्षणातून दाखवलं की गॅलक्सी जितकी लांब तितकी ती जास्त वेगाने दूर जातेय. आता हे उलटं फिरवलं की सगळं कधीतरी एकदम जवळजवळ आणि दाट असणार, इथपर्यंत सरळ आहे. पण गोची अशी झाली की हबलने काढलेल्या वेगावरून विश्वाचं वय आलं जेमतेम २ अब्ज वर्षं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून म्हातारे निघत होते. बापापेक्षा लेक मोठी! त्यामुळे १९४८ मध्ये केंब्रिजच्या बाँडी, गोल्ड आणि हॉइल या तिघांनी म्हटलं की सुरुवात मानायचीच कशाला. विश्व प्रसरण पावतंय हे खरं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवीन द्रव्य तयार होत राहतं, त्यामुळे विश्व कधीही बघा साधारण तसंच दिसणार. आणि त्यासाठी द्रव्य तरी किती लागतं, तर एक घनमीटर जागेत अब्जावधी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. कुठल्या प्रयोगशाळेत पकडणार तुम्ही तो?

तर हा स्थिर स्थितीचा सिद्धांत म्हणजे कुणा हट्टी माणसाचा येडेपणा नव्हता, त्या काळात तो बिग बँगइतकाच, किंबहुना थोडा जास्तच वाजवी वाटत होता. वयाचा घोळ पुढे सुटला, १९५२ मध्ये बाडे याने दाखवलं की अंतरंच निम्मी धरली होती, मग वय वाढलं. 'बिग बँग' हे नावसुद्धा हॉइलनेच १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर पाडलं हे बहुतेकांना ठाऊक आहेच.

सर १९६० च्या सुमारास हॉइलच्या हाताखाली रिसर्चला लागले आणि लागले ते थेट भांडणातच. मार्टिन राइल नावाचा रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, तोही केंब्रिजचाच, त्याने १९६१ मध्ये जाहीर केलं की मंद रेडिओ स्रोत, म्हणजे लांबचे म्हणजेच जुन्या काळातले, अपेक्षेपेक्षा फार जास्त आहेत, म्हणजे विश्व पूर्वी वेगळं होतं, म्हणजे हॉइलचा सिद्धांत आडवा. त्यावर हॉइल आणि सरांनी मिळून उत्तर तयार केलं आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत ते मांडायला उभं राहिलं कोण, तर हा बनारसहून आलेला विशी-बाविशीतला पोरगा. समोर राइल बसलेला. विचार करा.

शंकासुर

सगळं ठीक आहे पण "सुरुवात नको म्हणून द्रव्य आपोआप तयार होतं" हे म्हणजे ऊर्जा अक्षय्यतेचा नियम गुंडाळून ठेवणं झालं की. शाळेत आम्हाला छड्या बसल्या असत्या.

जुनाट_रेडिओ

@शंकासुर, हीच तर सरांची खरी कामगिरी. हॉइल-नारळीकरांनी त्यासाठी 'सी-फील्ड' आणलं, निर्मितीचं क्षेत्र म्हणा. त्याची ऊर्जा ऋण धरली की इकडे द्रव्य तयार होताना तिकडे तेवढीच ऋण ऊर्जा वाढते, हिशोब जुळतो. आणि सर उलट विचारायचे की तुमच्या बिग बँगमध्ये शून्य क्षणाला सगळंच्या सगळं द्रव्य एका झटक्यात येतं, समीकरणं तिथे कोलमडतात, त्याचा हिशोब कोण देणार? हा प्रश्न आजही जिवंत आहे हे लक्षात घ्या. त्या क्षणाबद्दल कुठल्याही पक्षाकडे धड उत्तर नाही.

अजून एक, ऋण ऊर्जेमुळे ते क्षेत्र विश्वाला बाहेर ढकलतं. म्हणजे स्थिर स्थितीच्या विश्वात प्रसरणाचा वेग वाढत जायला हवा, आणि हे १९९८ च्या कितीतरी आधीचं. तेव्हा सगळे धरून चालले होते की प्रसरण मंदावत असणार. १९९८ मध्ये लांबच्या सुपरनोव्हांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) कळलं की वेग खरंच वाढतोय (२०११ चं नोबेल त्याला), तेव्हा सरांच्या बाजूने हा मुद्दा मांडला गेला, पण तोवर गाडी पुढे गेली होती.

कोल्हापुरी_मिसळ

माझा एक बाळबोध प्रश्न. हा स्फोट नेमका झाला कुठं? म्हणजे आकाशात बोट दाखवून सांगता येईल का की हितं झाला म्हणून?

गार्गी_के

@कोल्हापुरी_मिसळ दादा, बोट कुठेही दाखवा, बरोबरच येईल :)

पायजम्याचं इलॅस्टिक घ्या, त्यावर पेनाने सारख्या अंतरावर ठिपके काढा आणि ताणा. कुठल्याही ठिपक्यावर बसून बघितलं तरी बाकीचे सगळे लांब जाताना दिसतात आणि जो दुप्पट लांब तो दुप्पट वेगाने जातो. मधला ठिपका कुणीच नाही. (इलॅस्टिकला टोकं असतात ती सोडून द्या, विश्वाला तशी कड असल्याचा पुरावा नाही.) म्हणजे गॅलक्सी कुठल्यातरी रिकाम्या जागेत फेकल्या जात नाहीयेत, त्यांच्यामधली जागाच वाढतेय. त्यामुळे बिग बँग 'तिथे' झाला नाही, सगळीकडे झाला, तुमच्या रंकाळ्यावरसुद्धा.

स्फोट म्हटलं की डोळ्यांसमोर सुतळी बॉम्ब येतो आणि तिथेच घोळ होतो. सिद्धांताचं म्हणणं फक्त एवढंच आहे की सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि अतिशय गरम होतं आणि तेव्हापासून ते पसरत आणि थंड होत आलंय. त्याआधी काय, शून्य क्षणाला काय, हे त्यात येत नाही. माझ्या मते निम्मे वाद इथेच मिटतील.

शंकासुर

वय १३.८ अब्ज वर्षं आणि दिसणारं विश्व मात्र ४६ अब्ज प्रकाशवर्षांपर्यंत असं वाचलंय. प्रकाशापेक्षा वेगाने काही जाऊ शकत नाही ना? मग हे कसं?

गार्गी_के

तो नियम जागेतून जाणाऱ्या वस्तूंना आहे, जागा ताणली जाण्याला नाही. जिथून प्रकाश निघाला ती जागा प्रकाश इकडे पोचेपर्यंत मागे मागे सरकत राहिली, आज मोजली तर ती ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. आणि ही फक्त दिसण्याची मर्यादा झाली हां, विश्वाची नाही.

जुनाट_रेडिओ

आता मुख्य पुराव्याकडे येतो कारण तो रेडिओवाल्यांचा आहे आणि मी नोकरीभर अँटेनाच बघितल्यात.

१९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत होल्मडेल इथे बेल लॅबची एक कर्ण्यासारखी अँटेना होती, पेंझियास आणि विल्सन तिच्यावर काम करत होते. ७ सेंटिमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीवर त्यांना एक खरखर यायची, दिवसा रात्री, उन्हाळा हिवाळा, कुठेही तोंड करा तेवढीच. अँटेनात कबुतरांनी घर केलं होतं, त्यांची घाण साफ केली, कबुतरं हाकलली, सांधे टेपने बंद केले, खरखर काही जाईना. ती आकाशाचीच होती. तापमानाच्या भाषेत साधारण ३.५ केल्विन (केल्विन म्हणजे उणे २७३ सेल्सियसपासून मोजलेले अंश). तिकडे १९४८ मध्येच ॲल्फर आणि हर्मन यांनी लिहून ठेवलं होतं की विश्व जर गरम जन्मलं असेल तर आज त्याची ऊब साधारण ५ केल्विन उरली असेल. कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

जुन्या टीव्हीला केबल नसताना स्टेशन नसलेल्या चॅनेलवर मुंग्या यायच्या ना, त्या मुंग्यांतला थोडासा भाग याच प्रारणाचा असायचा. आपण सगळ्यांनी बिग बँग पाहिलाय, 'चित्रहार'ची वाट बघत.

१९८९ मध्ये कोबे उपग्रह गेला, त्याने मोजलं तापमान २.७ केल्विन आणि त्याचा आलेख इतका काटेकोर कृष्णवस्तूचा (जिचं प्रारण फक्त तिच्या तापमानावर ठरतं अशा आदर्श वस्तूचा) आला की सिद्धांताची रेघ आणि मोजमाप वेगळं दाखवता येत नव्हतं. हे स्थिर स्थितीला फार जड गेलं. एखाद्या ताऱ्याचा किंवा धुळीचा प्रकाश एवढा शुद्ध नसतो, त्यासाठी सगळं विश्व एकदा एकाच तापमानाचं, अपारदर्शक असावं लागतं. सुरुवातीनंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी ते ३००० केल्विनपर्यंत निवलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये अडकले, धुकं विरलं आणि प्रकाश मोकळा सुटला. तोच आज आपल्याकडे मायक्रोवेव्ह होऊन पोचतोय.

चष्मिष्ट

रेडिओकाकांच्या प्रतिसादाला +१. केमिस्ट्रीवाली म्हणून माझी भर, कारण विश्व कशाचं बनलंय याचा अर्धा पुरावा हेलियममध्ये आहे आणि त्यात हॉइलचीच गंमत आहे.

विश्वातल्या साध्या द्रव्याचं वजन केलं तर साधारण ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के हेलियम, बाकीचं सगळं, म्हणजे तुम्ही मी, लोखंड, ऑक्सिजन, कोथिंबीर, दोनेक टक्क्यांत. तारे हायड्रोजन जाळून हेलियम करतात हे खरं, पण आजवरच्या सगळ्या ताऱ्यांनी मिळूनही २५ टक्के करणं शक्य नाही. आणि हे १९६४ मध्ये कुणी लिहिलं? हॉइल आणि टेलर यांनी! बिग बँगच्या विरोधकानेच हिशोब करून सांगितलं की एवढं हेलियम शिजायला एकतर विश्व एकदा भयंकर गरम असायला हवं, नाहीतर फार मोठे, आज दिसत नसलेले तारे हवेत.

बिग बँगमध्ये तो आकडा कसा येतो तेही सोपं आहे. पहिल्या काही मिनिटांत प्रोटॉन-न्यूट्रॉन जोडले जायला लागले तेव्हा दर ७ प्रोटॉनमागे १ न्यूट्रॉन उरला होता. १६ कण घ्या, त्यात २ न्यूट्रॉन आणि १४ प्रोटॉन, त्यातून एक हेलियम (२ अधिक २), उरले १२ प्रोटॉन. ४ भागिले १६ म्हणजे २५ टक्के. वहीच्या कोपऱ्यात होतं.

मात्र त्याच्या पुढचं काही तिथे शिजत नाही, कारण विश्व तोवर फार पातळ आणि थंड होतं. थोडंसं लिथियम होतं (आणि लिथियमचा आकडा अजूनही जुळत नाही, निरीक्षणात अपेक्षेच्या साधारण एक तृतीयांशच सापडतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं). कार्बनपासून पुढचं सगळं ताऱ्यांत. आणि ते कुणी दाखवलं? पुन्हा हॉइल. तीन हेलियम जुळून कार्बन व्हायचा तर कार्बनच्या केंद्रकात ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक ऊर्जापातळी असायलाच हवी असं त्याने १९५३ मध्ये आधी सांगितलं, मग प्रयोगवाल्यांनी शोधली तर निघाली. १९५७ मध्ये बर्बिज पती-पत्नी, फाउलर आणि हॉइल यांचा तो मोठा पेपर आला. फाउलरला १९८३ चं नोबेल मिळालं, हॉइलला नाही. मला विचाराल तर हा अन्यायच.

वऱ्हाडी_ठेचा

मंग राजेहो सोनं कुठून आलं? ताऱ्यात लोखंडापुढं काही बनत नाही म्हणते ना.

चष्मिष्ट

ठेचाभाऊ, लोखंडापुढे जोडायला ऊर्जा घालावी लागते म्हणून तारा तिथे अडतो. पुढचं न्यूट्रॉनचा भडिमार झाला की होतं. १७ ऑगस्ट २०१७ ला लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत कोसळल्याच्या गुरुत्वलहरी (अवकाशातच उमटणाऱ्या लाटा) पकडल्या, १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या, आणि त्या जागी दुर्बिणी वळवल्यावर जड मूलद्रव्यं तयार होत असल्याच्या खुणा दिसल्या. सोन्याचा मोठा वाटा असल्या टकरींचा असावा. सगळा त्यांचाच का, यावर अजून वाद आहे.

वऱ्हाडी_ठेचा

अन् लायगोचं एक यंत्र आपल्या हिंगोलीत होऊन राह्यलं, औंढा नागनाथजवळ. २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी भेटली. सांगून ठेवतो, नायतर सगळं पुण्याच्याच नावावर कराल तुम्ही.

शंकासुर

इथवर मान्य. पण धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न सगळे टाळतायत. साधं द्रव्य ५ टक्के, डार्क मॅटर (न दिसणारं, फक्त गुरुत्वाने कळणारं द्रव्य) २७, डार्क एनर्जी (प्रसरणाचा वेग वाढवणारं काहीतरी) ६८. म्हणजे तुमचा सिद्धांत चालवायला ९५ टक्के न दिसणारा माल घालावा लागतो. सरांनी सी-फील्ड घातलं तर ते जुगाड, आणि यांनी घातलं की विज्ञान?

गार्गी_के

रास्त प्रश्न आहे आणि सरांचाही साधारण हाच टोमणा असायचा.

डार्क मॅटर बिग बँग वाचवायला आणलेलं नाही हे आधी लक्षात घ्या. १९३३ मध्ये झ्विकीने कोमा समूहातल्या गॅलक्सी मोजल्या, त्या इतक्या जोरात फिरत होत्या की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाने समूह एकत्र राहणं शक्य नव्हतं. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि फोर्ड यांनी देवयानी (अँड्रोमेडा) गॅलक्सीतले काठावरचे वायूचे ढग मोजले, केंद्रापासून लांब गेलं की वेग कमी व्हायला हवा तो होईना. मग गुरुत्वाने प्रकाश किती वाकतो त्यावरून वजन काढलं, तेही तेवढंच जास्त. २००६ मध्ये 'बुलेट क्लस्टर'मध्ये तर दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेले, वायू मध्ये अडकलेला आणि गुरुत्व मात्र पुढे निघून गेलेलं दिसलं. चार वेगळ्या वाटांनी एकच आकडा येतो तेव्हा त्याला जुगाड म्हणणं जड जातं.

पण कण सापडलेला नाही, जमिनीखाली टनावारी द्रव झेनॉन ठेवून वर्षानुवर्षं वाट बघणं चालू आहे, हाती काही नाही. गुरुत्वाचाच नियम बदला म्हणणारेही आहेत आणि त्यांना हसण्याचं कारण नाही. युरेनस चुकीचा चालत होता तेव्हा न दिसणारा ग्रह मानला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुध चुकीचा चालत होता तेव्हा पण न दिसणारा ग्रह मानला, तो कधीच सापडला नाही, नियमच बदलावा लागला, आइनस्टाइन यावा लागला. आता आपण कुठल्या प्रकरणात आहोत हे आधी कळत नसतं.

डार्क एनर्जी मात्र खरंच नाव दिलेलं अज्ञान आहे, तिथे मी तुमच्या बाजूने.

पोथीनिष्ठ

नासदीय सूक्तात हे सगळं आधीच सांगितलेलं आहे. सत् नव्हतं असत् नव्हतं. अभ्यास वाढवा.

चष्मिष्ट

त्याच सूक्ताची शेवटची ऋचा वाचा की, हे सगळं कुठून आलं ते वर बसलेला तो जाणतो, किंवा कदाचित तोही जाणत नसेल. तिथे उत्तर दिलेलं नाही, शंका घेतलेली आहे. ऋग्वेदातलं मला सगळ्यात आवडतं सूक्त आहे ते, पण त्यातून हेलियमचा आकडा निघत नाही.

मुक्काम_पोस्ट_नारायणगाव

वरचे सगळे प्रतिसाद वाचले, आता जरा आमच्या खोडदचं पण सांगू द्या. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटरची, गोविंद स्वरूप सरांनी उभ्या केल्या. लोकांना वाटतं तिथून परग्रहवाल्यांचे आवाज ऐकतात. मुळात ती बांधताना एक मोठा हेतू होता जुन्या विश्वातला हायड्रोजन शोधायचा. साधा हायड्रोजन २१ सेंटिमीटरवर, १४२० मेगाहर्ट्झवर बारीकसा सिग्नल देतो, तो जितका लांबून येईल तितका ताणला जातो आणि खालच्या फ्रीक्वेन्सीला येतो. पहिले तारे पेटले त्या काळातला आला तर तो एफएम रेडिओच्या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास येऊन पडतो, म्हणजे बोंबलली पंचाईत! म्हणून गोंगाटापासून लांब, डोंगरांच्या आडोशाला ही जागा निवडली.

पहिल्या ताऱ्यांचा तो सिग्नल अजून सापडलेला नाही, फक्त 'यापेक्षा मोठा नाही' असं म्हणता आलंय. पण २०२३ मध्ये याच डिशवर ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा सिग्नल पकडला, मध्ये आलेल्या दुसऱ्या गॅलक्सीच्या गुरुत्वाने तो मोठा झाला म्हणून जमलं.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांना आत सोडतात, शाळांची ही गर्दी असते. मोबाइल बंद ठेवा म्हणून ओरडून ओरडून पोरांचा घसा बसतो. या कधी.

गार्गी_के

त्याच विषयातलं अजून एक, बंगळुरूच्या रामन इन्स्टिट्यूटचा 'सारस' प्रयोग. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अँटेनाने ७८ मेगाहर्ट्झवर पहिल्या ताऱ्यांची खूण सापडल्याचा दावा केला होता, जगभर गाजला. आपल्या लोकांनी अँटेना चक्क तलावात तराफ्यावर तरंगवली, कर्नाटकात, कारण जमिनीच्या थरांमुळे मोजमाप बिघडतं आणि पाणी सगळीकडे सारखं असतं. २०२२ मध्ये निकाल आला की तसला सिग्नल दिसत नाही. मोठा दावा तपासून बाजूला ठेवायला पण तेवढीच मेहनत लागते, त्याची बातमी मात्र आतल्या पानावर येते.

अवकाळी_पाऊस

जबरदस्त माहिती येतेय. पण सरांचं पुढे काय झालं? १९६४-६५ ला ती खरखर सापडली, मग त्यांनी हार का नाही मानली?

जुनाट_रेडिओ

जुना सिद्धांत त्यांनी तसाच धरून ठेवला नाही. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि सर या तिघांनी नवा मांडला, अर्धस्थिर म्हणा. त्यात एक मोठा स्फोट नाही, पण ठिकठिकाणी छोटे निर्मितीचे स्फोट, आणि विश्व साधारण ५० अब्ज वर्षांच्या चक्रात आकुंचन-प्रसरण पावत एकूण मोठं होत जातं. ती खरखर म्हणजे आधीच्या चक्रांतल्या ताऱ्यांचा प्रकाश, अवकाशात तरंगणाऱ्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांनी शोषून परत सोडलेला. गंमत म्हणजे ऊर्जेचा हिशोब केला तर तापमान बरंच जवळ येतं. पण सुया पुरेशा संख्येने असल्याचं कुणी दाखवू शकलं नाही, आणि त्या प्रारणातले लाखात एक असे बारीक चढउतार बिग बँगच्या मॉडेलने अगदी मोजक्या आकड्यांत बसवले, तसे इकडे बसले नाहीत. माझ्या मते वाद तिथे संपला.

आता ऐका मला या सगळ्यात सगळ्यात भारी काय वाटतं ते. बिग बँग खरा असेल तर पूर्वी विश्व जास्त गरम हवं, आणि हे तपासता येतं. लांबच्या गॅलक्सीतल्या वायूत कार्बनचे अणू असतात, ते त्या वेळच्या उबेने किती उत्तेजित झालेत ते मागच्या क्वेसारच्या (अतितेजस्वी गॅलक्सीकेंद्राच्या) प्रकाशावरून कळतं. २००० साली 'नेचर'मध्ये पेपर आला, ताम्रसृती (रेडशिफ्ट, म्हणजे प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) २.३४ असलेल्या ढगाचं तापमान ६ ते १४ केल्विनच्या मध्ये आलं. सिद्धांताप्रमाणे हवं होतं ९.१. पेपरचे पहिले लेखक श्रीआनंद. कुठले? आयुकाचे. तेव्हा आयुकाचे संचालक कोण? नारळीकर!

म्हणजे ज्याने आयुष्यभर बिग बँगला विरोध केला त्याने उभ्या केलेल्या संस्थेतून त्याच्याच विरोधात जाणारा पुरावा बाहेर पडला आणि कुणाची बदली झाली नाही, कुणाची फाइल अडली नाही. आयुकाचेच तरुण सौरदीप यांच्यासारखे लोक पुढे तेच प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या टीममध्येसुद्धा होते. आपल्याकडे कॉलेजात विभागप्रमुखाच्या आवडीबाहेरचा विषय पीएचडीला घेऊन बघा एकदा. अवकाळी, तुमच्या भाच्याला हे सांगा. सरांचा सिद्धांत हरला, पण तो हरू शकेल असा मांडलेला होता आणि हरवणाऱ्यांना त्यांनी घर बांधून दिलं.

कोल्हापुरी_मिसळ

रेडिओकाका, दंडवत घ्या.

शंकासुर

मग आता बिग बँग पक्का म्हणायचा का? यूट्यूबवर रोज येतंय, अवकाशातल्या वेब दुर्बिणीने बिग बँग पाडला म्हणून.

गार्गी_के

गरम-दाट-प्रसरण एवढा गाभा पक्का. त्यावरच्या मजल्यांना मात्र तडे दिसतायत आणि तेच मजेदार आहे.

वेबला ३० कोटी वर्षं वयाच्या आतल्या विश्वात अपेक्षेपेक्षा जास्त तेजस्वी गॅलक्सी दिसल्या. पुण्याच्या एनसीआरएच्या (जीएमआरटी चालवणाऱ्या संस्थेच्या) संशोधकांनी वेबच्याच डेटातून 'अलकनंदा' शोधली, विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असताना व्यवस्थित दोन सर्पिल हात असलेली गॅलक्सी, एवढ्या लवकर एवढी नीटनेटकी कशी झाली हा प्रश्न आहेच. पण हा प्रश्न गॅलक्सी किती लवकर जमतात याचा आहे, बिग बँग झाला की नाही याचा नाही.

दुसरं, प्रसरणाचा दर. प्लँकच्या प्रारणावरून काढला तर ६७ च्या आसपास, जवळच्या तारे-सुपरनोव्हांवरून काढला तर ७३ (किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक, म्हणजे दर सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे). दोन्हीकडचे लोक आपापले आकडे घासूनपुसून दमले, फरक जात नाही. आणि तिसरं सगळ्यात ताजं, ॲरिझोनातल्या 'डेसी' सर्वेक्षणाने लाखो गॅलक्सींचा नकाशा केला, त्यांच्या २०२५ च्या निकालात डार्क एनर्जी काळानुसार थोडी कमजोर होत असावी अशी चिन्हं आहेत. पुरावा अजून निर्णायक नाही, पण टिकला तर पाठ्यपुस्तकातलं ते ६८ टक्क्यांचं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल.

कोल्हापुरी_मिसळ

ते ९.१ केल्विन कसं काढलं ते कुणीतरी सांगा की. ताम्रसृती २.३४ वरनं?

जुनाट_रेडिओ

सोपं आहे. ताम्रसृतीत १ मिळवा आणि आजच्या २.७२५ ने गुणा. ३.३४ गुणिले २.७२५. ताम्रसृती ११०० घालून बघा.

कोल्हापुरी_मिसळ

३००० आलं! म्हंजे ते धुकं विरलं तेव्हाचं, वर सांगितलेलं. लई भारी. मग ह्याच्याही पलीकडं मोठी ताम्रसृती घेऊन बघता येत नाही का, एक सेकंदाला काय होतं ते?

गार्गी_के

प्रकाशाने नाही, त्याच्या अलीकडेच धुक्याची भिंत आहे. एक सेकंदाच्या सुमाराला न्यूट्रिनो (कशालाही सहसा न अडणारे अतिहलके कण) मोकळे सुटले, ते अजून सगळीकडे फिरतायत, त्यांचं तापमान आज साधारण १.९५ केल्विन असायला हवं, पण इतक्या कमी ऊर्जेचा न्यूट्रिनो थेट पकडणारं यंत्र अजून कुणाकडे नाही. त्याच्याही आधीचं बघायचं तर गुरुत्वलहरी. त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, ठेचाभाऊ हिंगोलीचे आहेत, त्यांनीच काढावा.

वऱ्हाडी_ठेचा

मी अकोल्याचा आहो. पण काढतो.